एक्कावन्न गाठी

ही गोष्ट माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेली नाही. नवऱ्याला माहीत नाही. आईलाही नव्हती. ती गेली तेव्हा शेवटचे आठ दिवस मी तिच्या उशाशी बसून होते, दोन-तीनदा अगदी जिभेवर आली होती, आणि प्रत्येक वेळी मी तिला विचारलं, पाणी देऊ का. तुम्ही माझे कुणी लागत नाही. म्हणूनच बहुधा तुम्हाला सांगवतंय. की हीसुद्धा पळवाटच? बघू, कुठवर जमतं.

एरवी मी काही गप्प बसणारी बाई नाही. इथे भोपाळला, कोलार रोडवरच्या आमच्या सोसायटीत कुणालाही विचारा. पाण्याचा टँकर उशिरा आला की सगळे माझ्याच दाराची बेल वाजवतात — भांडायला मी बरी पडते. पॉलिटेक्निकमध्ये पोरं मला पाठीमागे ‘फोर पाई मॅडम’ म्हणतात, तेही मला ठाऊक आहे. चुंबकत्वाची सूत्रं एका पद्धतीतून दुसऱ्या पद्धतीत नेताना कुणी फोर पाई विसरला, किंवा नको तिथे घातला, की मी त्याला सोडत नाही. अख्ख्या वर्गासमोर फळ्याशी उभा करते. मॅडमना एवढा राग कसला येतो, असं पोरांना वाटत असणार. राग त्यांच्यावर नसतोच.

हे फोर पाईचं प्रकरण थोडं समजून घ्या, त्याशिवाय पुढचं कळणार नाही. घाबरू नका, मी हे दरवर्षी साठ पोरांना समजावते.

फुटांचे मीटर करायचे असले तर नुसता आकडा बदलतो. खोलीचं क्षेत्रफळ म्हणजे लांबी गुणिले रुंदी — फुटांत काय नि मीटरांत काय, सूत्र तेच. वीज आणि चुंबक यांचं तसं नाही. तिथे एककांच्या दोन पद्धती आहेत, एक जुनी आणि एक नवी, आणि पद्धत बदलली की आकड्यांबरोबर सूत्रही बदलावं लागतं. जुन्या पद्धतीत गाउस, ओर्स्टेड, सेंटिमीटर. तिथे चुंबकाला तारेचे किती वेढे हवेत हे काढताना एका आकड्यानं गुणावं लागतं — शून्य पूर्णांक सातशे शहाण्णव. हा दहा भागिले फोर पाई. नव्या पद्धतीत, मीटरवाल्या, सूत्रात तो आकडा नाहीच. तो आधीच, ओर्स्टेडचं रूपांतर करताना, वापरून झालेला असतो. म्हणजे एक तर सगळं जुनं ठेवा, नाहीतर सगळं नवं. आकडे नवे आणि सूत्र जुनं असं केलंत, की तोच आकडा दोनदा लागतो. आणि उत्तर पाचव्या हिश्श्यानं कमी येतं.

मी तेच केलं होतं. पण हा माझा गुन्हा नव्हे. ही नुसती चूक. चूक कोण करत नाही?

एकोणीस वर्षं झाली. हबीबगंज स्टेशनला तेव्हा हबीबगंजच म्हणत. बाबांची नोकरी पुण्याहून इकडे आलेली, आम्ही इंद्रपुरीत राहायचो, आणि डिग्री हातात पडल्यावर मी घरापासून पंधरा मिनिटांवर, औद्योगिक वसाहतीतल्या एका वर्कशॉपमध्ये डिझाइनला लागले. नाव सांगत नाही. आता ते बंदही झालंय. पंचवीस-तीस माणसं, पत्र्याची शेड, मागे एक कडुनिंब. आम्ही विद्युतचुंबक बनवायचो. काचेसाठी जी पांढरी वाळू लागते ती चुंबकाच्या दोन तोंडांमधून खाली सोडतात, म्हणजे तिच्यातले लोखंडाचे कण निघून जातात. कण राहिले तर काच हिरवट होते.

थोरले मालक वारले होते. त्यांची डिझाइनची वही होती, लाल कापडी बांधणीची, सगळी जुन्या पद्धतीत. धाकटे मालक म्हणाले, आता गिऱ्हाईक नव्या एककांत कागद मागतं, आणि हे सगळं कॉम्प्युटरवर घ्यायला हवं, किती दिवस लागतील? मी म्हणाले, दोन. महिनाभर माग, असं कुणी कानात सांगायला हवं होतं. पण सांगितलं असतं तरी मी ऐकलं असतं का? दीड दिवसातच मी अख्खी वही कॉम्प्युटरवर चढवली आणि दुपारभर टेचात हिंडले. तपासलं नाही असं नाही — दोन्ही बाजूंची एककं जुळतात का ते पाहिलं होतं. जुळत होती. त्या शून्य पूर्णांक सातशे शहाण्णवला एककच नसतं, तो कुठेही घुसला तरी पत्ता लागत नाही. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा.

आता गुणवंतभाऊंबद्दल सांगते. खरं म्हणजे इतका वेळ मी त्यांच्यापर्यंत यायचं टाळत होते.

गुणवंतभाऊ आमचे वाइंडर. चुंबकाच्या कॉइलला तांब्याची तार गुंडाळायचं काम त्यांचं. तेव्हा पन्नाशीच्या अलीकडे-पलीकडे. त्यांचे वडील नागपूरहून सरकारी कचेरीबरोबर भोपाळला आलेले, त्यामुळे भाऊंची मराठी अर्धी हिंदीत भिजलेली. तेही इंद्रपुरीतलेच. कॉलेजातून आलेल्या मला खरं काम त्यांनीच शिकवलं — तार ताणून कशी धरायची, वार्निशचा वास बिघडला की काय समजायचं. चारचौघांत मला मॅडम म्हणायचे, आणि डब्याच्या वेळी पोरी.

त्यांची एक रीत होती. वाइंडिंग मशीनला वेढे मोजायचा काउंटर होता, पण तो जुना, मधेच अडकायचा. म्हणून भाऊ शेजारी एक सुती दोरी टांगून ठेवत. पंचवीस वेढे झाले की दोरीला एक गाठ. कॉइल पुरी झाली की ती दोरी जॉब कार्डाबरोबर खिळ्याला अडकवायची. जॉब कार्ड म्हणजे मी हातानं भरून दिलेलं कार्ड — तार कुठली, करंट किती, वेढे किती, खाली माझी सही. एक प्रत त्यांच्या खिळ्याला, एक ऑफिसच्या फायलीत. कॉइल गिऱ्हाइकाकडे जायची, दोरी आमच्याकडे राहायची. भाऊ म्हणायचे, मशीन विसरते, माणूस विसरतो, गाठ नाही विसरत.

माझ्या नव्या हिशोबानं जो पहिला चुंबक झाला, त्याच्या कार्डावर मी वेढे लिहिले होते बाराशे पंच्याहत्तर. थोरल्या मालकांच्या पद्धतीनं ते सोळाशे आले असते. कार्ड हातात घेऊन भाऊ जरा वेळ बघत राहिले. नवा हिशोब आहे का, एवढंच विचारलं. मी म्हणाले, नवा. त्यांनी मान डोलावली आणि कार्ड खिळ्याला लावलं. माझ्यावर भरवसा होता त्यांचा.

पंधरा दिवसांनी गिऱ्हाइकाचा तपासनीस आला, चुंबकाची ताकद मोजायचा आपला मीटर घेऊन. सकाळचे अकरा वाजले असतील. पॅनेलवरून पाच अँपिअर सोडले, दोन तोंडांच्या मधे मीटरची पट्टी धरली. हवे होते हजार गाउस. मीटर सातशे सत्त्याण्णववर जाऊन थांबला.

मालकांना वाटलं, जोडणी ढिली असेल. त्यांनी स्क्रू आवळले. तपासनिसानं पट्टी पुसली. पुन्हा सातशे सत्त्याण्णव. सगळे वायरी बघत होते. मी नव्हते बघत. मला तो आकडा ओळखीचा होता — हजाराला ज्यानं गुणलं की जवळपास हेच येतं, तो मी रोज लिहीत होते. एका क्षणात कळलं सगळं. कुठे चुकलंय, किती चुकलंय, कुठल्या ओळीत चुकलंय. त्या शेडमध्ये त्या वेळी हे कळलेली मी एकटीच होते.

तेव्हाच बोलायला हवं होतं. ‘माझं सूत्र चुकलं’ — तीन शब्द. काय झालं असतं? मालक ओरडले असते, आठवडाभर तोंड पाडून हिंडावं लागलं असतं. फार तर नोकरी गेली असती. बाबांच्या जिवावर खाऊन-पिऊन सुखी असलेली पोरगी मी, मला दुसरी मिळाली असती. त्या शेडमध्ये मी एकटीच बाई होते, माझ्या एका चुकीची सगळ्या बायकांच्या नावावर नोंद झाली असती — हे कारण मी पुष्कळ वर्षं स्वतःला सांगत आले. आता नाही सांगत. मला फक्त माझी फजिती नको होती. एवढंच होतं ते.

मी गप्प राहिले. तपासनीस म्हणाला, वेढेच कमी दिसतात. मालकांनी भाऊंकडे पाहिलं. भाऊ शांतपणे म्हणाले, कार्डावर लिहिलेत तेवढे बरोबर घातलेत. मालक म्हणाले, ठीक आहे, जेवण होऊ द्या, मग फाइल काढू.

आता ऐका. मी ऑफिसात गेले. दार लोटलं. दोन कोरी जॉब कार्डं घेतली, आधीचंच सगळं लिहिलं, तारीखसुद्धा तीच, आणि वेढ्यांच्या जागी लिहिलं — सोळाशे. फार वळणदार अक्षर आलं. एक कार्ड फायलीत घातलं, जुनं काढून घेतलं. दुसरं घेऊन शेडमध्ये गेले. सगळे मागे कडुनिंबाखाली जेवायला बसले होते, मशीनपाशी कुणी नव्हतं. खिळ्यावरचं कार्ड काढलं, नवं लावलं. ते कोरं करकरीत दिसत होतं. म्हणून मी मशीनच्या कडेवरून बोट फिरवलं आणि ते ग्रीस कार्डाला पुसलं. कोपरा थोडा दुमडला. कार्डाशेजारी दोरी लोंबत होती. तिच्याकडे मी पाहिलंच नाही — कशी पाहिली नाही, हे मला अजून कळत नाही.

जुनी दोन्ही कार्डं पर्समध्ये घालून मागच्या दारानं बाहेर आले, तर भाऊ हाक मारतायत. ‘पोरी, ये ना जेवायला. तुझ्या वहिनीनं जवसाची चटणी दिली तुझ्यासाठी.’

आणि मी गेले. त्यांच्याशेजारी बसले. पर्स मांडीवर. त्यांनी भाकरीवर चटणी घातली, वर कच्चं तेल सोडलं, माझ्या हातात दिली. त्यांना काहीच काळजी नव्हती. मला म्हणाले, टेन्शन नको घेऊ, काही जोडबीड सुटला असेल, निघेल. मी दोन भाकऱ्या खाल्ल्या. तुम्हाला वाटेल घास घशात अडकला असेल. मला चांगली भूक लागली होती.

जेवणं झाल्यावर मालकांनी फाइल काढली. भाऊंनी कार्डाकडे पाहिलंसुद्धा नाही, आधी दोरीच काढून टेबलावर ठेवली. मोजा म्हणाले. मालकांनी बोटानं एकेक गाठ सरकवत मोजल्या. एक्कावन्न. एक्कावन्न पंचवीस बाराशे पंच्याहत्तर. भाऊ म्हणाले, बराबर, बाराशे पंच्याहत्तर. मग मालकांनी फायलीतलं कार्ड त्यांच्यापुढे सरकवलं. सोळाशे. चौसष्ट गाठी हव्या होत्या. तेरा कमी.

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ना — माणसानं आपल्या खरेपणाचा पुरावा आपल्या हातानं आणून ठेवला, आणि मी त्याचा गळफास करून ठेवला होता. ती दोरी नसती तर भाऊ काउंटर अडकला म्हणाले असते आणि सुटले असते. मी आधी दोरीकडे पाहिलं असतं तर? तर काय केलं असतं? कदाचित ती पण पर्समध्ये घातली असती. मला स्वतःबद्दल आता काहीच खात्रीनं सांगता येत नाही.

भाऊ उठले, खिळ्यावरचं आपलं कार्ड घेऊन आले. डोळ्यांजवळ धरलं. लांब धरलं. चष्मा काढून सदऱ्याला पुसला, पुन्हा लावला. कार्ड उलटून मागची बाजू पाहिली. मग माझ्याकडे पाहिलं. त्या नजरेत आरोप नव्हता हो. शाळेत फळ्यावरचं दिसेनासं झालं की पोर शेजारच्याकडे बघतं, तसं बघितलं त्यांनी. मी मीटरच्या डबीचं झाकण लावत होते.

मालकांनी फाइल मिटली. मग एकच प्रश्न विचारला, हिंदीतून, तोही हळू आवाजात. ‘भाऊ, बाकी का तांबा कहाँ गया?’

तारेची रिळं आमच्याकडे वजन करून देत नसत. तेरा गाठींची तार म्हणजे पुष्कळ तांबं, आणि भंगारवाला वसाहतीच्या फाटकावरच बसायचा. भाऊंच्या तोंडाचं पाणी पळालं. सव्वीस वर्षं त्या शेडमध्ये काढलेला माणूस. त्यांनी दोरी उचलली आणि पहिल्या गाठीपासून पुन्हा मोजायला लागले.

आणि तेव्हा मी बोलले. त्या अख्ख्या दिवसात या विषयावर मी उच्चारलेलं एकमेव वाक्य. मी म्हणाले, ‘चोरी कशाला करतील भाऊ? चष्म्याचा नंबर वाढला असेल, आकडा वाचताना गडबड झाली असेल.’

हे मी का म्हटलं? त्यांना वाचवायला. खरंच. चोरीचा आळ मला सहन होईना. पुढे कितीतरी वर्षं मी या वाक्यावर जगले — की मी चूक लपवली असेल, पण चोरीतून त्यांना मीच सोडवलं. मालकांनी ते मानलं. भाऊंनीही मानलं. त्यांनी कार्डाकडे पुन्हा पाहिलं आणि म्हणाले, असेल, माझीच गडबड झाली असेल. सोळाशेचं बाराशे पंच्याहत्तर कसं दिसेल एखाद्याला, असा साधा प्रश्न टेबलाभोवतीच्या एकाही माणसाला पडला नाही.

त्या संध्याकाळी मी कॉम्प्युटरवरची ती ओळ सुधारली. एका मिनिटाचं काम. कॉइल सोडून पुन्हा गुंडाळली, दुसऱ्या माणसानं, सोळाशे वेढ्यांची. मीटरनं हजार दाखवले. मालक सगळ्यांदेखत म्हणाले की मॅडमचं डिझाइन तर पहिल्यापासून बरोबर होतं. मी मान खाली घातली. त्यांना तो माझा विनय वाटला.

भाऊंना कुणी काढलं नाही. त्यांना पॅकिंगला बसवलं. आकडे न दिसणाऱ्या माणसाला मशीनवर कोण बसवणार? लाकडी खोक्यांना खिळे ठोकत ते तीन आठवडे राहिले. त्या तीन आठवड्यांत जेवायला त्यांनी मला हाक मारली नाही. राग नव्हता, लाजत होते. मग एका सोमवारी आले नाहीत. वसाहतीत बातमी पसरलीच होती, आणि तिथे चष्म्याचं कुणी बोलत नव्हतं, तांब्याचंच बोलत होते. दुसऱ्या कुठल्या वर्कशॉपनं त्यांना वाइंडिंगला घेतलं नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी — ही म्हण माझ्या आईच्या तोंडात सारखी असायची. ती म्हणाली की मी उठून दुसऱ्या खोलीत जायचे.

दोन वर्षांनी मी ती नोकरी सोडली आणि शिकवायला लागले. लग्न झालं, कोलार रोडला घर घेतलं. इंद्रपुरीकडे जायचं टाळलं. आई-बाबांनाही तिथून हलवून जवळ आणलं, आणि त्याला कारण दिलं त्यांच्या तब्येतीचं. दरवर्षी तो धडा आला की एखादं पोर विचारतं, मॅडम, असं खरंच कुणी करतं का, आकडे नवे नि सूत्र जुनं? मी म्हणते, करतात.

इथवर असतं तर कदाचित मी अजूनही गप्प बसले असते. खोटं कशाला बोलू? मला त्या गोष्टीची सवय झाली होती.

या उन्हाळ्यात आमचा बेडरूमचा पंखा जळला. कोपऱ्यावरचा इलेक्ट्रिशियन म्हणाला, मोटर जुनी आहे पण भारी आहे, फेकू नका, इंद्रपुरीच्या बाजारात एक चाचा आहेत, त्यांच्यासारखं रिवाइंडिंग भोपाळात कुणी करत नाही. पत्ता दिला. चाचा म्हणाला, त्यामुळे माझ्या डोक्यात काही आलं नाही. गाडी लावून, पंखा हातात घेऊन दुकानाच्या पायरीवर चढले, तेव्हा ते दिसले. पार वाळलेले. शेजारी स्टुलावर त्यांची बायको, चटणी पाठवणाऱ्या त्या वहिनी. मागे फिरायला हवं होतं. पण त्यांनी ओळखलं. ‘मॅडम! या, या,’ म्हणत उठून उभे राहिले. पोरी नाही म्हणाले.

त्यांनी पंखा खोलला, जळकी तार कापून वेढे मोजले, पाटीवर खडूनं आकडा लिहिला. आणि मग मी जे पाहिलं ते तुम्हाला सांगायचंय, बाकी सगळं यासाठीच होतं. त्यांनी पाटी वहिनींपुढे धरली. किती आहे? वहिनी म्हणाल्या, तीनशे वीस. त्यांनी मान हलवली, पाटी स्वतःकडे वळवली, पुन्हा वहिनींकडे धरली. नीट पाह्य. वहिनी न कंटाळता म्हणाल्या, तीनशे वीस. मग पाटी माझ्याकडे आली. ‘मॅडम, तुम्हीपण बघून द्या. तुम्ही तर इंजिनियर.’

मी वाचलं, तीनशे वीस.

भाऊ हसत हसत सांगू लागले. त्या दिवसानंतर ते डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले होते. एकाकडे नाही, तिघांकडे. तिघंही म्हणाले, डोळे चांगले आहेत. चष्म्याचा नंबर जरासुद्धा हलला नव्हता. मग डोळ्यांचं नाही, म्हणजे डोक्याचंच असणार. त्यांच्या वडलांचं शेवटी तसंच झालं होतं — आकडे, नावं, घर, सगळं विसरले होते. तर भाऊंनी मनाशी पक्कं केलं, की आपलीही सुरुवात झाली. एकोणीस वर्षं ते वाट बघतायत. सकाळी उठले की आधी वहिनींना वार विचारतात, बरोबर निघाला की मग चहा. दोरी सोडली, म्हणाले. गाठ मारणाऱ्याचाच भरवसा नाही, तर गाठीचा काय?

आणि मग वहिनींकडे वळून म्हणाले, ‘ह्याच त्या मॅडम. त्या रोजी ह्या नसत्या, तर चोरच ठरलो असतो मी.’

वहिनींनी माझे दोन्ही हात हातात घेतले. पंखा तयार व्हायला दोन तास लागले, तेवढ्यात त्या घरी जाऊन आल्या आणि कागदात गुंडाळलेली एक बाटली माझ्या पिशवीत ठेवली. जवसाची चटणी. मी नको म्हणाले नाही. थँक यू म्हणाले. घरी आले, नवऱ्याला म्हणाले, दुकान चांगलं आहे. बाटली फ्रिजमध्ये आहे. निम्मी संपली. मी खाल्ली.

चार महिने झाले त्याला. दुकान इथून गाडीनं अर्ध्या तासावर. या चार महिन्यांत मी दोनदा त्या रस्त्याला लागले आणि दोन्ही वेळा अलीकडच्या चौकातून भाजी घेऊन परत आले. सांगितलं तर त्यांचं काय होईल, या वयात धक्का बसेल — असलं काहीतरी मी मनात जुळवते आणि ते मलाच पटत नाही. धक्का मला नकोय. वहिनींनी ज्या हातांना हात लावला, त्यांच्याकडे त्या नंतर कशा बघतील, ते मला बघायचं नाहीय. एकोणीस वर्षांपूर्वी जी भीती होती तीच आहे, तसूभरही कमी नाही.

पर्समधली ती दोन कार्डं मी फेकली नव्हती. फाडावी असं कितीदा वाटलं. कपाटात, माझ्या डिग्रीच्या फायलीत, सर्टिफिकेटांच्या मागे ती आहेत. आत्ता हे लिहिताना एक काढून पुढ्यात ठेवलंय. खिळ्याचं भोक पडलंय वरच्या बाजूला. तार, करंट, तारीख. खाली माझी सही. वेढ्यांच्या जागी, निळ्या शाईत, माझ्याच अक्षरात, लहान पोरालासुद्धा वाचता येईल इतकं स्वच्छ लिहिलेलं आहे — बाराशे पंच्याहत्तर.

भाऊंनी बरोबर वाचलं होतं.